फोन मुलाच्या खिशात असतो : यूएक्सचं काम आणि आजचे ट्रेंड

नाशिकच्या एका ग्राफिक डिझायनरचा प्रश्न असा आहे : "चार वर्षं ब्रोशर, लोगो, सोशल मीडियाच्या पोस्ट केल्या. आता यूएक्सकडे वळायचंय. सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्सही झाला. पण यूएक्सवाला दिवसभर नेमकं काय करतो, ते अजून नीट कळलेलं नाही. त्यात आता एआय स्क्रीनही काढून देतं. मग हे काम राहणार आहे का? आणि सध्याचे कोणते ट्रेंड शिकायला हवेत?"

यूएक्स म्हणजे यूजर एक्स्पिरियन्स, एखादी वस्तू किंवा ॲप वापरणाऱ्याचा अनुभव. प्रश्न तीन आहेत, पण पहिल्याचं उत्तर नीट दिलं की बाकीच्या दोघांचं त्यातूनच निघतं. त्यामुळे सुरुवात एका दूध संकलन केंद्रापासून करतो.

काही वर्षांपूर्वी एका दूध संस्थेसाठी आम्ही ॲप करत होतो. दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला आपला हिशोब फोनवर दिसावा, एवढाच उद्देश. पुण्यातल्या ऑफिसात बसून आम्ही पहिला आराखडा केला : वर 'सुप्रभात', खाली महिनाभराच्या दुधाचा आलेख, त्याखाली पशुखाद्याची जाहिरात. दिसायला देखणा होता, सगळ्यांना आवडला. मग एके दिवशी सकाळी सव्वासहाला आम्ही दोघं जण केंद्रावर जाऊन उभे राहिलो. थंडीचे दिवस, रांगेत किटल्या घेतलेल्या बायका, हात ओले. दूध मापात ओतलं जात होतं, नमुना मशीनला लागत होता आणि पावती निघत होती : लिटर, फॅट, एसएनएफ (पाणी आणि फॅट सोडून दुधातले बाकीचे घटक), दर, रक्कम. एका मावशींनी पावती घेतली, घडी केली आणि कमरेच्या पिशवीतून रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा काढला. कालची पावती वर होती. आजची तिच्याशेजारी धरून त्या ऑपरेटरला म्हणाल्या, "काल साडेतीन लागली, आज तीन-दोन कशी?"

मी त्यांना ॲपबद्दल विचारलं. "फोन पोराकडं असतो. तो कंपनीत जातो, सांजच्याला येतो."

त्या दोन वाक्यांनी आमचा आराखडा मोडला. आम्ही धरून चाललो होतो की एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस. इथे एका नंबरावर तीन खाती निघाली, मावशींचं, सासऱ्यांचं आणि जावेचं. आम्हाला वाटलं होतं महिन्याचा आलेख उपयोगी पडेल. त्यांना हवी होती कालची आणि आजची फॅट, शेजारी शेजारी. गायीच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली एकेका पॉइंटला पैसे कापले जातात. म्हणजे तो आकडा खाली का आला, हा त्या घरातला रोजचा खरा प्रश्न होता. आम्ही पहिली स्क्रीन बदलली : काल सकाळ, काल संध्याकाळ, आज सकाळ, एवढंच, मोठ्या आकड्यांत. खातं बदलायला वर माणसांची नावं. आणि खर्च वाचवायला कागदी पावती बंद करायचा जो विचार चालला होता, तो सोडून द्या असं संस्थेला लेखी कळवलं. ज्या बाईंच्या हातात दिवसभर फोन नसतो, तिचा पुरावा तो कागदच आहे.

यूएक्सचं काम हे असं असतं. माणूस कुठे अडतो, कशासाठी अडतो, त्याच्या हातात त्या वेळी काय असतं, हे जाऊन पाहायचं आणि मग काय बनवायचं ते ठरवायचं. स्क्रीन हा त्यातला शेवटचा टप्पा. १९९३ साली ॲपलमध्ये असताना डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी आपल्या पदाच्या नावात 'यूजर एक्स्पिरियन्स' हे शब्द घातले, ते याचसाठी. इंटरफेस, म्हणजे वापरणाऱ्यासमोरची स्क्रीन आणि बटणं, हा शब्द त्यांना अपुरा वाटत होता. वस्तू विकत घेण्यापासून ती बिघडल्यावर दुरुस्त करून घेण्यापर्यंतचा सगळा अनुभव त्यांना त्यात धरायचा होता. पुढे नोकरीच्या जाहिरातींत 'यूआय-यूएक्स' (यूआय म्हणजे यूजर इंटरफेस) असा जोडशब्द रुळला आणि सगळा भर पहिल्या अर्ध्यावर गेला.

माझा आठवडा सांगतो, म्हणजे अंदाज येईल. दोन दिवस लोकांशी बोलण्यात जातात : वापरणारे, कॉल सेंटरवर तक्रारी ऐकणारे, शाखेत काउंटरवर बसणारे. कॉल सेंटरवाल्यांना कधीही वगळू नका, लोक कुठे अडतात ते त्यांना तोंडपाठ असतं. एक दिवस डेव्हलपर आणि प्रॉडक्ट मॅनेजरबरोबर वाद घालण्यात, म्हणजे चांगल्या अर्थाने वाद : हे बटण इथे का, ही पायरी लागतेच का, सर्व्हर बंद असेल तेव्हा काय दिसेल. उरलेल्या दिवसांत फ्लो (पायऱ्यांचा क्रम), वायरफ्रेम (स्क्रीनचा कच्चा आराखडा), प्रोटोटाइप (वापरून पाहता येईल असा नमुना), आणि तो घेऊन पुन्हा माणसांसमोर बसणं. चाचणीला मोठा ताफा लागत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेलं गणित अजून उपयोगी पडतं : पाच जणांना वापरायला दिलं तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. पण पाचही जण एकाच आयटी पार्कमधले घेतले तर ते गणित फुकट जातं. नोकरदार, गृहिणी, दुकानदार असे वेगळे गट असतील तर प्रत्येक गटातले वेगळे लोक हवेत. चाचणीत आपण गप्प बसायचं. "इथे दाबा ना" हे शब्द तोंडातून निघाले की ती चाचणी संपली.

आता एआय. साध्या भाषेत सांगितलं की चालती स्क्रीन करून देणारी साधनं आली आहेत, स्क्रीन डिझाइन करायच्या फिग्मा या साधनातसुद्धा ती सोय आहे. मी रोज वापरतो. पूर्वी पहिल्या मसुद्याला दोन-तीन दिवस जायचे, आता जेवणाच्या सुट्टीआधी चार पर्याय टेबलावर असतात. म्हणून खरं तेच सांगतो : फक्त स्क्रीन काढून देणाऱ्याचं काम कमी होणार आहे, होतंच आहे. तुम्ही ग्राफिकमधून येताय, तेव्हा सुबक स्क्रीन हीच तुमची पहिली ओळख असेल, आणि नेमकी तीच आता स्वस्त झाली आहे. पण त्या साधनाला मी दूध संस्थेचं ॲप करायला सांगितलं असतं तर त्यानेही 'सुप्रभात' आणि आलेखच दिला असता. कारण जगातल्या हजारो डॅशबोर्डवर तेच आहे. मावशींचा गठ्ठा त्याने पाहिलेला नाही.

याच कारणासाठी एका ट्रेंडपासून तुम्हाला आवर्जून लांब राहायला सांगेन. खऱ्या माणसांऐवजी एआयलाच "तू साताऱ्यातली पन्नाशीची शेतकरी बाई आहेस" असं सांगून त्याच्याकडून मुलाखतीची उत्तरं घेतात. वेळ वाचतो, अहवाल छान होतो. पण फोन मुलाच्या खिशात असतो, हे उत्तर त्यातून येत नाही. विचारायचा प्रश्नच आपल्याला माहीत नसतो, आणि संशोधन करायचं ते त्यासाठीच. मुलाखतींची टिपणं लावायला, ध्वनिमुद्रण लिहून काढायला एआय जरूर घ्या. माणसाच्या जागी घेऊ नका.

एआय ज्या उत्पादनाच्या आत असतं तिथलं डिझाइन मात्र मन लावून शिका, कारण तिथे नवं काम आहे आणि जाणकार थोडे आहेत. समजा, पानाचा फोटो काढला की रोग सांगणारं ॲप आहे. उत्तर ठाम आवाजात येतं आणि चुकीचंही असू शकतं. मग स्क्रीनवर काय हवं? किती खात्री आहे ते शेतकऱ्याला समजेल अशा शब्दांत, कारण '७२ टक्के' या आकड्याचा फवारणीच्या निर्णयाला उपयोग नाही. दुसरा संभव असलेला रोग. कृषी सहायकाला तोच फोटो पाठवायची सोय. आणि 'हे चुकलंय' सांगायला सहज सापडणारी जागा. मशीन चुकेल हे गृहीत धरून रचना करणं ही नवी कला आहे.

दिसण्याच्या ट्रेंडबद्दल थोडक्यात. ॲपलने जून २०२५मध्ये 'लिक्विड ग्लास' आणलं, काचेसारखे पारदर्शक थर. मागचं चित्र आरपार दिसल्यामुळे वर लिहिलेलं वाचायला त्रास होतो अशी तक्रार लगेच सुरू झाली आणि पुढच्याच काही महिन्यांत पारदर्शकता कमी करायचा पर्याय द्यावा लागला. गूगलने त्याच वर्षी मेमध्ये 'मटेरियल ३ एक्स्प्रेसिव्ह' आणलं, ठळक रंग, वेगवेगळे आकार, मोठी बटणं. त्यामागे ४६ अभ्यास आणि १८ हजारांहून अधिक सहभागी असल्याचं गूगलने सांगितलं. ईमेलचं 'पाठवा' बटण मोठं करून कीबोर्डच्या लगेच वर आणलं तर लोकांच्या नजरेला ते कितीतरी लवकर सापडलं. दोन्हींतलं मला दुसरं पटतं. काचेचा थर तुम्हाला आठवड्यात जमेल, त्यावर महिना घालवू नका.

आणि स्क्रीनच नसलेला ट्रेंड विसरू नका. किराणा दुकानातला साउंडबॉक्स पाहा. वडापाववाल्याचे हात तेलात असतात, गिऱ्हाइकाने पैसे पाठवले का ते पाहायला तो फोन कसा धरणार? "एकशेवीस रुपये मिळाले" हे ऐकू आलं की काम झालं. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांनी एकदमच ऐकलं, वादाला जागा नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे झालेल्या डिझाइनपैकी मला हे सर्वांत जास्त आवडतं, आणि त्यात बघायला काही नाही.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ आहे ते : मराठी.

मराठी इंटरफेस म्हणजे इंग्रजी स्क्रीन तयार झाल्यावर शब्दांची यादी भाषांतराला पाठवणं, असंच अजून बहुतेक ठिकाणी चालतं. त्याचा परिणाम पाहा. एसटी किंवा रेल्वेचं तिकीट रद्द करताना खिडकी उघडते : 'तुम्हाला रद्द करायचे आहे का?' खाली दोन बटणं : 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. आता तिकीट रद्द करायला कोणतं दाबायचं? इंग्रजीतही हा घोळ आहे, मराठीत तो दुप्पट होतो. 'हो, तिकीट रद्द करा' आणि 'नको, तिकीट राहू दे' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. 'वैध भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा' याऐवजी '१० आकडी मोबाइल नंबर टाका'. ओटीपीला कुणी 'एकवेळचा संकेतशब्द' लिहिलं तर बाजारातला एकही माणूस तो ओळखत नाही, ओटीपीला ओटीपीच म्हणावं. एआयने लिहिलेली मराठी व्याकरणाला बरोबर असते, पण बऱ्याचदा पुस्तकी असते, सरकारी परिपत्रकासारखी. ती मोठ्याने वाचून पाहा. काउंटरवरच्या माणसाने हे वाक्य तोंडाने म्हटलं असतं का?

शब्दांनंतर अक्षरं. इंग्रजी मथळ्यांत अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवायची फॅशन आहे. तीच स्टाइल मराठी मजकुराला लागली की शिरोरेखा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं लटकतं. मी हे नामांकित उत्पादनांतही पाहिलंय. इंग्रजीसाठी ठरवलेली ओळींची उंची ठेवली तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात, किंवा बटणात 'र्कीं'चा वरचा भाग कापला जातो. मराठीचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे. काही फॉन्टमध्ये ही मराठी रूपं आतच असतात, पण पानाची भाषा मराठी अशी नोंदवली तरच ती बाहेर येतात. डेव्हलपरच्या दृष्टीने एका शब्दाचं काम, आपल्या दृष्टीने लिपीचा मान. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य नीट उमटतो का, ते प्रत्येक फॉन्टमध्ये तपासा. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे इंग्रजीत कॅपिटलने होणारं काम इथे आकार, ठळकपणा आणि मोकळ्या जागेने करावं लागतं. चांगल्या फॉन्टची आता वानवा नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे 'बालू'सारखे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत.

लिपी समजून केलेलं डिझाइन कसं असतं ते पाहायचं तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेला 'स्वरचक्र' कीबोर्ड वापरून बघा. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं आणि त्यात का, कि, की, कु अशी सगळी बाराखडी. शाळेत शिकलेली बाराखडीच तिथे कीबोर्ड झाली आहे. टायपिंग आधी शिकून यावं लागत नाही.

शोधाचा रकानाही असाच. लोक 'दूध' हा शब्द 'दुध' असाही लिहितात, आणि इंग्रजी अक्षरांतही. तिन्हींना उत्तर मिळायला हवं. ऱ्हस्व-दीर्घाची परीक्षा घेणं हे ॲपचं काम नाही.

नावाचे रकाने तर स्वतंत्र विषय आहे. 'पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव' ही विभागणी वरवर सरळ दिसते. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. लग्नानंतर आधारवर एक, बँकेत दुसरं, सातबारावर तिसरंच. मी एका वित्तीय ॲपच्या चाचणीत एक ताई पाहिल्या, त्यांनी तीन कागद समोर मांडले होते आणि विचारत होत्या, "यातलं कुठलं टाकू?" ॲप फक्त 'नाव जुळत नाही' एवढंच सांगत होतं. कशाशी जुळत नाही, कुठलं अक्षर वेगळं आहे, काय केलं म्हणजे जुळेल, यातलं काहीच नाही. त्या दिवशी आम्ही दुसरं काही न करता ती एक चूकसूचना लिहिण्यात चार तास घालवले : 'बँकेत तुमचं आडनाव वेगळं आहे. बँक पासबुकावर आहे तसंच नाव इथे लिहा.' माझ्या कामातले ते फार समाधानाचे चार तास आहेत.

कायद्याचं थोडं बोलायलाच हवं, कारण आजचा सर्वांत टिकाऊ ट्रेंड तोच आहे. ग्राहकाला फसवून दाबायला लावणाऱ्या रचनांना यूएक्स डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले : खोटी घाई, न विचारता टोपलीत वस्तू घालणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीतून बाहेर पडायचा रस्ता लपवणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं वगैरे. मला स्वतःला एका कंपनीत 'वर्गणी बंद करा' हे बटण तीन स्क्रीन आत ढकलायला सांगितलं होतं. मी नकार दिला तेव्हा माझ्या हातात फक्त माझं मत होतं. आज तुमच्या हातात नियम आहे. तो छापून जवळ ठेवा, बैठकीत उपयोगी पडतो.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यावा लागणार आहे, आणि संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. याचा अर्थ नीट समजून घ्या : कुणाला तरी बसून साध्या मराठीत लिहावं लागेल, 'आम्ही तुमचे कॉन्टॅक्ट का मागतोय'. ते लिहिणारे लोक आज फार कमी आहेत.

तिसरी गोष्ट सुलभतेची, म्हणजे अपंग माणसांनाही सेवा वापरता येण्याची. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निकाल दिला. प्रकरण कशाचं होतं ते वाचाल तर अंगावर काटा येईल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या, डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना ई-केवायसीत (ऑनलाइन ओळख पडताळणीत) कॅमेरा सांगत होता, 'डोळ्यांची उघडझाप करा'. ती त्यांना करता येत नव्हती, म्हणून खातं उघडत नव्हतं. ती पायरी ज्याने आखली त्याच्या मनात दुष्टावा नक्की नव्हता. त्याच्या चाचणीतल्या माणसांत त्या नव्हत्या, एवढंच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा, बोटाने दाबायची जागा फार लहान नसावी, रंगाबरोबर शब्दही असावा, हे सुलभतेचे नियम एका दिवसात वाचून होतात. ते पाठ करा. पण एकदा तरी अंध मित्राशेजारी बसून तो स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनावर) तुमचंच काम कसं ऐकतो, ते पाहा.

तेव्हा काय शिकायचं, तर या क्रमाने : निरीक्षण आणि मुलाखत, साधं स्पष्ट मराठी लिहिणं, सुलभतेचे नियम, आणि मग साधनं. फिग्मा तुम्हाला येतच असेल. पोर्टफोलिओमध्ये प्रसिद्ध फूड डिलिव्हरी ॲपचं 'रीडिझाइन' ठेवू नका. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक पोर्टफोलिओत तेच असतं आणि त्यातून माणूस कसा विचार करतो ते कळत नाही.

त्यापेक्षा नाशिकमधल्याच एखाद्या आपले सरकार सेवा केंद्रात परवानगी घेऊन दोन-तीन सकाळी बसा. तिथे फॉर्म भरतो ऑपरेटर, उत्तरं देतो समोरचा माणूस, आणि स्क्रीन दिसते एकट्या ऑपरेटरला. म्हणजे एका फॉर्मला दोन वापरकर्ते, आणि ज्याचा फॉर्म आहे तोच पाहू शकत नाही. बहुतेक डिझाइन पुस्तकांत ही परिस्थितीच नसते. ऑपरेटरला एवढंच विचारा : कोणत्या रकान्यात तुम्हाला लोकांना दोनदा विचारावं लागतं? तो जो रकाना दाखवेल, तेवढाच घ्या. तिथे काय घडत होतं ते लिहा, तुम्ही काय बदललं ते काढा, तो बदल घेऊन परत त्याच केंद्रात जा आणि काय झालं ते खरंखरं नोंदवा, फसला तरी. लोकांच्या कागदपत्रांचे फोटो मात्र काढू नका, त्यांवर आधार नंबर असतात. वही-पेन पुरतं.